खपली कापणारा दगडी विळा : कसा करतात, कसा चालतो, काय सांगतो

निपाणी, चिकोडी, अथणीच्या पट्ट्यात खपली गहू कधीच पुरता गेला नव्हता. सणाच्या खिरीपुरता, हुग्गीपुरता का होईना, तो शिवारात टिकून राहिला. अलीकडे शहरातून मागणी वाढली आणि पिशव्यांवर 'प्राचीन धान्य' असे शब्द छापून येऊ लागले. ते शब्द खरे आहेत. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने जे पहिले गहू पेरले, त्यांत खपली होता. लोखंड मात्र कर्नाटकात आलं साधारण तीन हजार वर्षांपूर्वी. म्हणजे हजारो वर्षं हे पीक लोखंडाशिवाय कापलं गेलं, बांधलं गेलं, खळ्यावर आलं. ते कशाने?

संग्रहालयात उत्तर मिळतं, पण समाधान होत नाही. काचेच्या पेटीत बोटाच्या पेराएवढ्या दगडी चिपा मांडलेल्या असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'विळ्याची पाती'. दिवसभर पेंढ्या बांधणाऱ्या माणसाला हे पटणं अवघडच. तो विळा प्रत्यक्ष कसा करतात, त्याला काय काय लागतं आणि कुठे बिघडतं, हे समजलं की पेटीतल्या चिपा बोलू लागतात. हे काम घरच्या परसात करता येतं. दोन गोष्टींत मात्र जपावं लागतं, डोळे-फुप्फुसं आणि कायदा. दोन्ही पुढे येतील.

अख्खा दगडी विळा नसतो, दगडी दात असतात

दगड धारदार असतो आणि ठिसूळही. वीतभर लांबीचं वाकडं पातं एका दगडातून काढलं, तर पहिल्या हिसक्यालाच त्याचे दोन तुकडे होतील. चीनमधल्या पेइलिगांग संस्कृतीत घासून केलेले अख्खे दगडी विळे होते, पण तो वेगळा मार्ग. बाकी बऱ्याच ठिकाणी माणसाने दुसरी युक्ती काढली. हाडाला, शिंगाला किंवा लाकडाला लांब खाच पाडायची, तीत तीन-चार सेंटिमीटरची दगडी पाती ओळीने बसवायची आणि राळेने किंवा डांबराने पक्की करायची. एक पातं मोडलं तर तेवढंच बदलायचं.

दगडी विळा समजून घ्यायचा तर हे एवढं धरून ठेवावं. त्यातला सगळ्यांत स्वस्त भाग दगड. हात बसला की पातं काही मिनिटांत निघतं. खाच पाडलेली मूठ करायला दिवस जातात, म्हणून मूठ जपायची आणि दगड टाकून द्यायचा. उत्खननात पाती ढिगाने सापडतात आणि मुठी क्वचित, याचं एक कारण हे. दुसरं, लाकूड कुजून जातं.

ज्या मुठी टिकल्या त्या मोलाच्या आहेत. इस्रायलमधल्या कार्मेल डोंगरावरच्या एल-वाद आणि केबारा या गुहांत हाडाच्या सरळ मुठी मिळाल्या. त्या नातुफियन लोकांच्या, म्हणजे पंधरा ते साडेअकरा हजार वर्षांपूर्वीच्या. गंमत अशी की हे लोक अजून शेतकरी नव्हते, रानातलं धान्य कापून आणत होते. तुर्कस्तानातल्या हाजिलार आणि बल्गेरियातल्या कारानोवो इथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे विळे मिळाले, त्यांच्या मुठी हरणाच्या शिंगाच्या आणि वाकड्या. इजिप्तच्या फायूममध्ये सरळ लाकडी मूठ दातेरी चकमकीच्या पात्यांसकट सापडली. आपल्या उपखंडात बलुचिस्तानातल्या मेहरगढला डांबरात तिरकस बसवलेली पाती मिळाली आहेत.

हरणाचंच शिंग का?

गाय-म्हैस-शेळीचं शिंग आणि सांबर-चितळाचं शिंग या मुळातच दोन वेगळ्या वस्तू आहेत. म्हशीचं शिंग म्हणजे आतल्या हाडावर चढलेलं टोपण, नखाच्याच जातीच्या द्रव्याचं. ते जन्मभर राहतं. सांबराचं शिंग अस्सल हाड असतं. ते गळून पडतं आणि पुन्हा नवं येतं. साध्या हाडापेक्षा त्यात खनिज थोडं कमी असतं, म्हणून ते हादरा खाऊन घेतं आणि सहसा तडकत नाही. शिवाय ते मुळातच वाकडं. काही दिवस पाण्यात भिजवलं की वरचा थर दगडी अवजारानेही कोरता येतो आणि वाळलं की पुन्हा टणक होतं. विळ्याच्या मुठीला याहून चांगलं काय हवं?

पण आपण ते वापरायचं नाही. बऱ्याच घरांत आजीच्या काळातलं सांबरशिंग असे, उगाळून लेप लावायला. त्यामुळे रानात गळून पडलेलं शिंग उचलण्यात काही गैर आहे असं अनेकांना वाटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि खानापूर तालुक्यातलं भीमगड हे अभयारण्य आहे. तिथून पडलेलं शिंगही उचलून आणता येत नाही, आणि बाजारात कोणी देऊ केलं तर घेणाराही गुन्ह्यात अडकतो. प्रतिकृतीसाठी एवढा धोका पत्करायचं कारणच नाही, कारण पर्याय चांगले आहेत.

पहिला पर्याय, म्हशीची बरगडी. खाटकाकडून ३५ ते ४० सेंटिमीटर लांबीची, शक्य तेवढी रुंद आणि जाड बरगडी घ्यावी. तिला वाक आयताच असतो, आणि नातुफियन मुठीही हाडाच्याच होत्या, तेव्हा ही तडजोड म्हणता येणार नाही. दुसरा पर्याय, बाभळीची नैसर्गिक वाक असलेली फांदी. औताच्या कामाला आपण जी बाभूळ वापरतो तीच, किमान एक पावसाळा सावलीत मुरलेली. ओली फांदी घेतली तर वाळताना खाच फाकते आणि पाती सुटतात.

म्हशीचं शिंग मुठीला नको. ते उष्णतेने मऊ पडतं. गरम राळ ओतली की खाच फाकते आणि थंड झाल्यावर पात्यांवरची पकड सैल राहते. मात्र त्याचं टोक भरीव असतं, आणि ते दुसऱ्या कामाला उत्तम. गुजरातेत खंबातचे अकीक कारागीर आजही लोखंडी टोकावर खडा टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोकतात. युरोपातला कारागीर हरणाच्या शिंगाकडून जे काम करून घेई, ते आपल्याकडे म्हशीचं शिंग करतं.

आपल्या भागात दगड कोणता?

दगडाला फुटताना धार यायला हवी, आणि ती कोणत्याही दगडाला येत नाही. दगड आतून एकसारखा, बारीक कणांचा आणि फटी नसलेला असला, तरच आघाताची लाट त्यातून सरळ जाते आणि शिंपल्यासारखी गोलसर, गुळगुळीत चीर पडते. काच अशीच फुटते, म्हणून शिकताना जाड बाटलीचा तळ चालतो.

खानापूर-बेळगावच्या पश्चिम अंगाचा जांभा या कामाला निरुपयोगी, तो छिद्राछिद्रांचा. काळा पाषाण फुटतो, पण बारीक पातं देत नाही. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो कलादगी गटाचा वालुकाश्म आणि क्वार्ट्‌झाइट. याच जातीच्या दगडाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यात अश्मयुगातल्या माणसांनी केल्या. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या दक्षिण मराठा मुलखाची पाहणी करून १८७६ साली जो अहवाल दिला, तेव्हापासून हा भाग अभ्यासकांना ठाऊक आहे. अनगवाडी आणि ख्याड ही त्यातली नामांकित ठिकाणं. पण क्वार्ट्‌झाइट तळहाताएवढ्या जड अवजाराला चांगला, पेराएवढ्या पात्याला नाही. त्याचे नदीतले गोल गोटे मात्र हातोडी म्हणून जरूर वापरावेत.

पात्यांसाठी हवी कॅल्सेडनी, म्हणजे मेणचट चमकेची, कडेने उजेड आरपार दिसणारी गारगोटी. अकीक ही तिचीच पट्टेदार जात. काळ्या रानात नांगरट झाली की ती वर येते, आणि कृष्णाकाठच्या गोट्यांतही मिळते. नवशिका इथे हमखास फसतो. साखरेसारखी चमचमणारी, खड्याखड्यांची पांढरी गार देखणी दिसते, म्हणून तीच उचलतो. ती स्फटिकांच्या सांध्यांवरून वेडीवाकडी फुटते. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. दोन गोटे एकमेकांवर हलके आपटले तर आवाज खणखणीत यावा. बद्द आला तर आत भेग आहे. ओला करून उन्हात धरला की आतल्या शिरा दिसतात. आणि आकार मुठीएवढा, पाचशे-सातशे ग्रॅमचा असावा, त्याहून लहान नको. एका विळ्याला असे दोन-तीन गोटे लागतात.

एक ताकीद. शिवारात आधीच घडवलेली पाती, गाभे (ज्यातून पाती काढली ते दगड), कुऱ्हाडी दिसल्या तर त्या जागच्या जागी राहू द्याव्यात आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. अशी वस्तू कुठल्या थरात आणि कशाशेजारी पडली होती, हीच तिची अर्धी माहिती. घरी आणली की ती कायमची जाते.

भाजून घेणं

कॅल्सेडनी कच्ची फोडता येते, पण भाजली की जास्त सरळ फुटते. मातीच्या मडक्यात तळाला पाच-सहा सेंटिमीटर कोरडी वाळू, तीत एकमेकांना न टेकता गोट्यांचे तुकडे, वर पुन्हा तेवढीच वाळू. मडक्याभोवती गोवऱ्यांची धिमी आगटी. आतलं तापमान २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू जावं, आणि आग विझल्यावर मडकं दुसऱ्या दिवसापर्यंत उघडू नये. दगड ओला असला किंवा आच एकदम लागली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकतो, पृष्ठभागावरून वाटोळ्या खपल्या उडतात. म्हणून गोटे आधी आठवडाभर उन्हात वाळवावेत आणि पाच सेंटिमीटरहून जाड तुकडा भाजायला घेऊ नये. नीट भाजलेल्या दगडाचा रंग बहुधा तांबूस होतो आणि फोडल्यावर आत तुकतुकी दिसते.

पातं काढणं

ज्या गोट्यातून पाती निघतात तो गाभा. काम सुरू होतं त्याला सपाट माथा देण्यापासून. चारशे-पाचशे ग्रॅमच्या गोल गोट्याने एक टोक उडवायचं. माथा आणि पुढची बाजू यांच्यामधला कोन ७० ते ८० अंशांचा हवा. कोन ९०च्या वर गेला की कितीही जोर लावा, चिरा आत जिरतात आणि काहीच निघत नाही. शिकणाऱ्यांचे बहुतेक गाभे इथेच वाया जातात, आणि दोष हाताच्या ताकदीला दिला जातो.

मग पुढच्या बाजूवर उभा कंगोरा तयार करायचा. डावीकडून एक, उजवीकडून एक असे लहान टवके आळीपाळीने काढत गेलं की नागमोडी धारेसारखा कंगोरा उभा राहतो. तो कशाला? दगडातली लाट उंचवट्याला धरून जाते. कंगोरा सरळ तर पातं सरळ. महाराष्ट्रातल्या नेवासे, इनामगाव इथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत कॅल्सेडनीची पाती याच रीतीने काढलेली आहेत, सव्वातीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी. त्यामुळे ही रीत आपल्या दख्खनची म्हणायला हरकत नाही.

आता माथ्याची कड वालुकाश्मावर घासून बोथट करायची. हे न केल्यास पातळ कड टोच्याखाली चुरडते आणि आघात वाया जातो. टोचा म्हणजे म्हशीच्या शिंगाचं भरीव टोक, आठ-दहा सेंटिमीटर लांब. गाभा दोन्ही टाचांमध्ये किंवा गुडघ्यांत जाड चामड्यावर घट्ट धरायचा, टोचा कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत, बरोबर कंगोऱ्याच्या डोक्यावर टेकवायचा, आणि लाकडी मोगरीने एकच ठोस ठोका द्यायचा. कंगोऱ्यासकट पहिलं, तिकोनी पातं निघतं. ते बाजूला टाकावं. त्याच्या जागी दोन नवे कंगोरे उरतात. त्यांच्यावरून पुढची पाती निघतात, दोन्ही कडा समांतर आणि धारदार.

पातं निम्म्यात तुटून गाभ्यावर पायरी राहिली, तर ठोका कमी पडला किंवा वाटेत गाठ होती. तशीच पुढे ठोकत राहिल्यास प्रत्येक पातं त्याच पायरीवर अडेल. गाभा उलटा करून खालून एक टवका काढावा आणि पायरी उडवावी. पातं खाली जाऊन गाभ्याचा बूडच घेऊन आलं, तर टोचा कडेपासून फार आत होता. माथा नुसताच चुरडला, तर घासणं राहिलं होतं.

विळ्याला लागतात पाच-सहा पाती, प्रत्येक साडेतीन-चार सेंटिमीटर लांब, सव्वा सेंटिमीटर रुंद, तीन-चार मिलिमीटर जाड. एकमेकांना जुळणारी सहा मिळवायला पंचवीसेक काढावी लागतात. पात्याच्या माथ्याकडच्या बाजूला आघाताचा फुगवटा असतो आणि टोक निमुळतं असतं. दोन्ही ऐरणीच्या दगडावर टेकवून मोडायची आणि मधला सरळ भाग ठेवायचा. खाचेत जाणारी कड लहान गोट्याने हलके ठेचून बोथट केली तर राळेला पकड मिळते. पण कड न ठेचण्यातही फायदा आहे. एक बाजू बोथटली की पातं उपटून उलटं बसवता येतं. दोन्ही कडांवर वापराच्या खुणा असलेली जुनी पाती सापडतात, ती यामुळे.

हे सगळं उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून करावं. डोळ्यांवर बंद कडांचा चष्मा, मांडीवर जाड चामडं, नाका-तोंडावर एन-९५ मास्क. उडालेली चीप डोळ्यात गेली तर दिसतं तरी. दगडाची धूळ दिसतही नाही. ती सिलिका असते, फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. खंबातच्या अकीक कारागिरांत हा आजार नोंदलेला आहे. धुळीला 'जरा खोकला येतो' इतकंच समजणाऱ्याने हे काम हातात घेऊ नये. घासकाम नेहमी पाणी शिंपडून करावं. मुलांना पाहू द्यावं, पण दूर बसवून.

मूठ आणि खाच

बरगडीवरचं मांस खरवडून ती सौम्य साबणपाण्यात मंद आचेवर तासभर ठेवावी, मग उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी. ब्लीच वापरू नये, हाड भुसभुशीत होतं. चरबी राहिली तर राळ धरत नाही, हेही तितकंच खरं. कोरण्याआधी एक-दोन दिवस पाण्यात भिजवावी.

खाच आतल्या, म्हणजे खोलगट बाजूच्या कडेवर. लांबी वीस सेंटिमीटर, खोली आठ-दहा मिलिमीटर, रुंदी पात्याच्या जाडीपेक्षा एक मिलिमीटर जास्त. बरगडीची कड फोडली की आत जाळीदार हाड लागतं, ते सहज निघतं. पण दोन्ही बाजूंच्या भिंती पातळ राहतात. घाई केली की भिंत तडकते. म्हणून खाच जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे अंबाडीचा दोर ताणून गुंडाळावा. जुन्या पद्धतीने करायचं तर टोकदार दगडी पात्याने पुन्हा पुन्हा एकाच रेघेवर ओढत जायचं. हॅकसॉच्या पात्याने ते काम झटपट होतं, पण एकदा तरी वीतभर खाच दगडाने पाडून पाहावी. मूठ का जपत असत हे मग सांगावं लागत नाही. बाभळीच्या मुठीला सुताराची अरुंद पटाशी पुरते.

राळ

एका विळ्याला ६० ग्रॅम राळ, १५ ग्रॅम मधमाशीचं मेण आणि १५ ते २० ग्रॅम लाकडी कोळशाची वस्त्रगाळ पूड. कोळशाऐवजी गेरू चालतो. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या अतिप्राचीन दगडी अवजारांच्या चिकटद्रव्यात गेरूच मिसळलेला होता. तिन्हींचं काम वेगळं. राळ चिकटते पण काचेसारखी ठिसूळ. मेण तिला लवचीक करतं. पूड तिला अंग देते आणि भेगा आवरते.

जाड बुडाच्या डब्यात मंद आचेवर आधी राळ वितळू द्यावी, मग मेण, शेवटी पूड. उकळी फुटू देऊ नये, कारण जास्त शिजलेली राळ कायमची ठिसूळ होते. गुऱ्हाळावर जसा पाकाचा थेंब पाण्यात टाकून पाहतात, तसाच इथेही पाहायचा. थेंब बोटांत दाबल्यावर आधी किंचित वाकावा आणि मग मोडावा. नुसताच वाकला तर मेण जास्त, कट्‌कन तुटला तर कमी. आपल्याकडे खपलीची कापणी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात येते. मेण जास्त पडलेली राळ त्या उन्हात ढिली होते आणि पाती हलू लागतात, तेव्हा चुकायचंच तर मेण कमी ठेवून चुकावं. राळेने पेट घेतला तर पाणी ओतू नये. झाकण ठेवून गुदमरवावी. झाकण आधीच हाताशी हवं.

खाच आणि पाती दोन्ही निखाऱ्यावर कोमट करून घ्यावीत. थंड दगडाला गरम राळ चिकटत नाही, वरवर बसते आणि दुसऱ्या दिवशी पातं अलगद निघून येतं. सर्वाधिक विळे इथे बिघडतात. खाचेत राळ भरून पाती दाबून बसवायची, चार-पाच मिलिमीटर धार बाहेर ठेवायची, आणि ओल्या बोटाने राळ दोन्ही अंगांनी सारवायची.

पाती सलग ओळीत बसवली तर एकच सरळ धार मिळते. नातुफियन विळे असे होते. तिरकस बसवली तर प्रत्येक पात्याचा एक कोपरा बाहेर येऊन करवतीसारखे दात होतात. कारानोवो आणि मेहरगढची रीत ही. खपलीच्या कठीण काडाला दुसरी रीत जास्त मानवते. आपण भाताला दातेरी वैभव विळा वापरतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

तो खरंच कापतो का?

कापतो, पण लोखंडी विळ्यासारखा हाणायचा नाही. हाणला की पाती उडतात. डाव्या हाताने मूठभर काड धरून ताणायचं, धार काडावर टेकवायची आणि तिरकं वर, स्वतःकडे ओढायचं. जमिनीपासून वीतभर वर कापावं, माती लागली की धार लवकर जाते. काड पुरतं वाळण्याआधी, दाणा घट्ट झाला पण बुडखा अजून हिरवट आहे अशा वेळी, सकाळच्या दवात काम सर्वांत सोपं. कडक उन्हात वाळलेलं काड कापलं न जाता मुळासकट उपटून येतं.

'मग उपटूनच का नेत नव्हते?' ही शंका रास्त आहे. आपण कुळीथ आणि हरभरा आजही उपटतो. १९६६ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी तुर्कस्तानातल्या काराजादाग डोंगरावर रानगहू आधी नुसत्या हाताने आणि मग चकमकीच्या पात्याच्या विळ्याने गोळा करून पाहिला. दोन्हींत फार फरक पडला नाही. तासाला साधारण किलोभर साफ धान्य मिळालं. त्यांचा हिशेब असा की एक कुटुंब तीन आठवड्यांत वर्षभराच्या गरजेहून जास्त धान्य जमवू शकेल. मग विळा कशाला? कारण विळ्याने काडही मिळतं, वैरणीला आणि शाकारणीला. धान्यात माती येत नाही. आणि बोटं सोलवटत नाहीत. वेगात लोखंड पुढेच आहे, त्यात वाद नाही. मात्र दगडाची धार नव्या पात्यात विलक्षण तीक्ष्ण असते, आणि बोथटली की हाडाच्या टोकाने किंवा तांब्याच्या जाड तारेने कड दाबून दोन-दोन मिलिमीटरवर नवे दात पाडता येतात.

चकाकी म्हणजे काय, आणि तिच्यावर किती विश्वास ठेवावा?

गव्हाच्या काडात, गवताच्या पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. गवताने बोट चिरतं ते यांच्यामुळे. काही तासांच्या कापणीनंतर दगडाच्या धारेवर तुळतुळीत, ओलसर दिसणारा पट्टा चढतो. तीच विळ्याची चकाकी. ती धुतल्याने जात नाही, हजारो वर्षं टिकते. पट्टा धारेला समांतर असेल तर पातं सलग ओळीत होतं. कोपऱ्यावर तिरका असेल तर दातेरी विळ्यातलं. मूठ कुजून गेली तरी तिचा आकार असा कळतो. हिरव्या काडाने चकाकी जास्त दाट येते, आणि मातीजवळ कापल्यास तीत बारीक ओरखडे दिसतात. गॅलिली सरोवराकाठच्या ओहालो इथे २३ हजार वर्षांपूर्वीच्या पात्यांवर अशी चकाकी मिळाली आहे, शेतीच्या कितीतरी आधीची.

म्हणून 'चकाकी दिसली, शेती सिद्ध झाली' असं म्हणता येत नाही. बोरू, लव्हाळा, छपराचं गवत कापूनही ती येते. मळणीच्या फळीत बसवलेल्या दगडांनाही येते. सूक्ष्मदर्शकाखाली पोत वेगळा दिसतो, पण तो ओळखायला तुलनेसाठी नमुने लागतात, आणि ते नमुने अशा प्रतिकृतींनीच मिळतात. कोणत्या पात्याने काय, किती वेळ कापलं याची वही ठेवली तर परसातला विळाही अभ्यासाला उपयोगी पडतो.

विळ्याने गहूच बदलला

रानगव्हाचं कणीस पिकलं की आपोआप विखुरतं. तसं नसतं तर त्याचं बी रुजलं नसतं. लाखो रोपांत एखादं असं निघतं की ज्याचं कणीस तुटत नाही. रानात ते नापास. पण विळ्याने कापताना हिसका बसतो, विखुरणारी कणसं गळून जातात आणि न तुटणारी पेंढीत येतात. त्यातलंच बी पेरलं की पुढच्या वर्षी अशी रोपं जास्त. गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी १९९० साली मांडलेल्या गणितानुसार हा बदल दोनशे वर्षांच्या आतही पुरा होऊ शकला असता. उत्खननातले दाणे मात्र सांगतात की प्रत्यक्षात हजारो वर्षं लागली. लोक हिरवट असतानाच कापत असतील, गळलेलं वेचत असतील, रानातलंही आणत असतील. म्हणून निवड सौम्य राहिली असावी.

आपली खपली या वाटेवर अर्धी चाललेली आहे. तिचं कणीस शेतात विखुरत नाही, पण दाणा टरफल सोडत नाही. मळणीला दाणे निघत नाहीत, टरफलासकट जोड्या निघतात, आणि मग उखळ किंवा गिरणी लागते. साध्या गव्हाने ती सवयही सोडली.

आपल्या भागात असे विळे होते का?

शिंगाचे विळे तुर्कस्तान आणि बाल्कनच्या बाजूचे, इथले नाहीत. दक्षिणेतल्या नवाश्मयुगीन गावांत, म्हणजे संगनकल्लू, हल्लूर, ब्रह्मगिरी इथे, मुख्य पिकं होती बारीक तृणधान्यं, कुळीथ आणि मूग; गहू-जव नंतर आणि थोडे. तृणधान्याची कणसं नुसती खुडून नेता येतात, कुळीथ उपटता येतो. त्यामुळे तिथल्या बारीक पात्यांकडे पाहताना 'हा विळाच' असं धरून चालू नये. तीच पाती कातडं चिरायला, मांस कापायला, बांबू सोलायलाही लागतात. खपली आणि दगडी विळ्याची जोडी मूळची पश्चिम आशियातली. आपल्याकडे आज खपली उभी आहे म्हणून ती जोडी इथे पुन्हा लावून पाहता येते, एवढंच.

काम संपल्यावर चिपांचं काय करायचं

एका विळ्यामागे घमेलंभर चिपा उरतात, आणि त्या जुन्या चिपांसारख्याच दिसतात. त्या शेताच्या बांधावर किंवा ओढ्यात टाकल्या, तर उद्या तिथे येणारा अभ्यासक फसेल. मलप्रभेच्या खोऱ्यात तर नक्कीच. काम सुरू करतानाच खाली ताडपत्री अंथरावी, सगळं गोळा करून एका खड्ड्यात पुरावं आणि तळाला चालू वर्षाचं नाणं टाकावं. प्रत्येक पात्याच्या खाचेत जाणाऱ्या अंगावर पक्क्या शाईने साल लिहावं, मुठीवर कोरावं. शाळेला किंवा संग्रहालयाला विळा द्यायचा असेल तर सोबत चिठ्ठी हवी : दगड कुठला, भाजला की कच्चा, राळेचं प्रमाण काय, आणि कोणतं पीक किती तास कापलं.